राजकन्येची शंका

इ. स. १६४३ च्या मे महिन्यांत हॉलंडमधील हेग शहरांतून एका २४ वर्षांच्या राजकन्येनें त्या काळच्या एका अत्यंत विख्यात तत्त्ववेत्त्यास पत्र लिहिलें. पत्र लहानसें होतें, त्याची भाषा अतिशय विनयाची होती, आणि मुख्य प्रश्न त्यांत एकच होता. मनुष्याचा आत्मा हें जर केवळ विचार करणारें द्रव्य असेल, त्याला लांबी, रुंदी, जाडी यांपैकीं कांहींच नसेल, तर तो या जड शरीरास हालवितो तरी कसा? हात उचलावा असें मनांत येतें आणि हात उचलला जातो, हा प्रत्येकाच्या नित्याचा अनुभव आहे. परंतु मनांत येणें आणि हात उचलला जाणें या दोन गोष्टींच्या मध्यें नेमकें काय घडतें? पत्र ज्याला लिहिलें त्याचें नांव रेने डेकार्ट. लिहिणारी होती बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ.

या प्रश्नाचें पुरें समाधान डेकार्टला अखेरपर्यंत करतां आलें नाहीं. ज्या तत्त्वज्ञानानें आत्मा शरीराहून भिन्न आहे असें बुद्धीच्या बळावर सिद्ध करण्याचा पण केला होता, त्याच्या मर्मावरच या प्रश्नानें बोट ठेवलें. विशेष हें कीं प्रश्न विचारणारी स्त्री नास्तिक नव्हती. पोलंडचा राजा चौथा व्लादिस्लाव्ह याच्याशीं तिच्या विवाहाची बोलणीं चाललीं असतां तिनें कॅथलिक व्हावें अशी अट पुढें आली, तेव्हां तिनें धर्म न सोडतां तो राजमुकुटच सोडला होता. अशी निष्ठावान् स्त्री आत्म्याविषयींची सर्वांत अवघड शंका उपस्थित करते, ती आयुष्यभर मनांत बाळगते, आणि तरीही तिची श्रद्धा ढळत नाहीं. श्रद्धा व शंका यांचा हा सहवास कसा शक्य झाला, हें पाहण्यासारखें आहे.

एलिझाबेथचा जन्म इ. स. १६१८ च्या डिसेंबरांत हायडेलबर्ग येथें झाला. तिचा पिता फ्रेडरिक हा ऱ्हाईन नदीकाठच्या पॅलॅटिनेट संस्थानचा अधिपति. माता एलिझाबेथ स्टुअर्ट ही इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची कन्या. मुलगी एक वर्षाचीही झाली नव्हती तोंच बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांनीं फ्रेडरिकला आपला राजा निवडलें. त्यानें तो मुकुट स्वीकारला. परंतु १६२० च्या नोव्हेंबरांत प्राग शहराजवळ श्वेत पर्वताच्या लढाईंत कॅथलिक पक्षाच्या सैन्यानें त्याचा पूर्ण मोड केला. जेमतेम एक हिवाळा टिकलेल्या या राज्यामुळें शत्रूंनीं त्याला ‘हिवाळ्याचा राजा’ असें कुत्सित नांव ठेविलें. बोहेमिया गेलें, पाठोपाठ वडिलोपार्जित संस्थानही गेलें, आणि हें कुटुंब डच लोकांच्या आश्रयानें हेगमध्यें राहूं लागलें. एलिझाबेथनें बालपणाचीं कांहीं वर्षें आजीजवळ काढलीं व मग ती हेगला आईबापांकडे आली. १६३२ सालीं फ्रेडरिक निर्वासित स्थितींतच वारला. मागें विधवा राणी, पुष्कळशीं मुलें, मोठा मान आणि रिकामी तिजोरी एवढेंच उरलें.

त्या वेळीं युरोपांत धर्माच्या नांवानें जें युद्ध पेटलें होतें तें ३० वर्षें चाललें. कॅथलिक कीं प्रॉटेस्टंट हा प्रश्न त्या पिढीला ग्रंथांतील वादाचा नव्हता. त्या प्रश्नानें राज्यें जात होतीं, गांवें ओस पडत होतीं, घरें दुभंगत होतीं. एलिझाबेथचें सारें आयुष्यच या वणव्याच्या धगींत गेलें. अशा परिस्थितींत तिनें लॅटिन, ग्रीक, गणित, खगोल यांचा इतक्या निष्ठेनें अभ्यास केला कीं भावंडें तिला थट्टेनें ‘ग्रीक बाई’ म्हणत. १६४१ सालीं प्रसिद्ध झालेला डेकार्टचा ‘चिंतनें’ हा लॅटिन ग्रंथ तिच्या हातीं आला, तो असा.

डेकार्ट हा जन्मानें फ्रेंच, धर्मानें कॅथलिक आणि वृत्तीनें एकांतप्रिय. जेसुइट पंथाच्या विद्यालयांत शिकून, कांहीं काळ सैन्यांत काढून, तो अखेर शांततेसाठीं हॉलंडमध्यें येऊन राहिला होता. जें जें म्हणून संशयास्पद आहे तें तें टाकून द्यावें आणि अगदीं निःसंशय असें कांहीं उरतें काय तें पाहावें, ही त्याची रीत. इंद्रियें फसवितात, स्वप्न व जागृति यांतला भेदही कधीं कधीं कळत नाहीं. परंतु संशय घेणारा कोणीतरी आहे, विचार चालला आहे, एवढें तरी नाकारतां येत नाहीं. यावरून त्यानें असें ठरविलें कीं मी म्हणजे विचार करणारें द्रव्य. विचार हें आत्म्याचें स्वरूप आणि विस्तार, म्हणजे जागा व्यापणें, हें जडाचें स्वरूप. एकाचा गुण दुसऱ्यांत लवमात्र नाहीं.

या भेदामागें केवळ तर्काची हौस नव्हती. त्या काळीं नवें पदार्थविज्ञान जन्मास येत होतें. सारें जग हें एक यंत्र आहे, त्यांतील प्रत्येक हालचाल आकार, गति व आघात यांनीं समजावून देतां येते, असें डेकार्टचें मत होतें. मनुष्याचें शरीरही त्याच्या दृष्टीनें यंत्रच. पण मग आत्मा कोठें राहिला? देव, पाप, पुण्य, परलोक यांचें काय? १६३३ सालीं रोममधील धर्मन्यायालयानें गॅलिलिओला दोषी ठरविलें, तेव्हां डेकार्टनें लिहून तयार होत आलेला आपला एक ग्रंथ प्रसिद्ध न करतां बाजूस ठेवला होता. आतां त्यानें विज्ञान व धर्म यांच्यामध्यें जणूं हद्दच आंखून दिली. जड सृष्टि विज्ञानाची, आत्मा धर्माचा. ‘चिंतनें’ हा ग्रंथ त्यानें पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांना अर्पण केला आणि देव व आत्मा हे दोन विषय तत्त्वज्ञानाच्या प्रमाणांनींच सिद्ध झाले पाहिजेत असें प्रतिपादन केलें. कारण ज्याची धर्मग्रंथांवर श्रद्धाच नाहीं त्याला धर्मग्रंथाचा आधार दाखवून काय उपयोग?

हद्द तर आंखली गेली. पण मनुष्य दोन्ही बाजूंना उभा होता. एलिझाबेथची शंका येथेंच उत्पन्न झाली. तिचें म्हणणें थोडक्यांत असें: एखादी वस्तु हालवावयाची म्हणजे तिला ढकललें पाहिजे. ढकलावयाचें तर तिला स्पर्श झाला पाहिजे. आणि स्पर्श व्हावयाचा तर ढकलणाऱ्यालाही विस्तार असला पाहिजे. आत्म्याला विस्तार नाहीं असें तर डेकार्टच सांगतो. मग शरीराला आत्म्याकडून प्रेरणा मिळते ती कशी? शिवाय गर्भांतील मूल आणि गाढ मूर्च्छेंत पडलेला मनुष्य यांच्या ठिकाणीं विचार चालू असतो हें दाखविणें कठीण. तेव्हां आत्म्याचें विचाराहून निराळें असें कांहीं स्वरूप असेल तर तें सांगावें, अशी तिनें विनंति केली. हा आक्षेप बाहेरून आणलेला नव्हता. जड वस्तूला गति आघातानेंच मिळते हें डेकार्टच्या विज्ञानाचेंच सूत्र होतें. त्याच्या एका हातानें बांधलेल्या भिंतीला त्याचाच दुसरा हात अडला होता.

डेकार्टनें उत्तर पाठविलें तें प्रामाणिक होतें. आत्मा व शरीर यांचा भेद दाखविण्याकडेच सारें लक्ष असल्यामुळें त्यांच्या संयोगाविषयीं आपण जवळजवळ कांहींच लिहिलें नाहीं, असें त्यानें कबूल केलें. नंतर त्यानें एक दृष्टांत दिला. दगडाचें वजन दगडाला खालीं नेतें असें लोक समजतात. तेव्हां वजन नांवाची वस्तु आपल्या पृष्ठभागानें दगडाला ढकलते असें कोणीच मानीत नाहीं. स्पर्शावांचून गति मिळण्याची ही कल्पना मनाला अवघड वाटत नाहीं. आत्मा शरीरास कसा हालवितो हेंही त्याच रीतीनें समजून घ्यावें. एलिझाबेथनें या दृष्टांतांतील उणीव तत्काळ हेरली. वजनाविषयींची ही समजूत चुकीची आहे असें डेकार्टनेंच आपल्या विज्ञानांत प्रतिपादिलें होतें. जी कल्पना जड वस्तूच्या बाबतींत खोटी, तिच्या आधारानें आत्म्याच्या बाबतींतील सत्य कसें कळावें? शरीर नसलेल्या वस्तूला शरीर हालविण्याची शक्ति देण्यापेक्षां आत्म्यालाच विस्तार आहे असें मानणें आपणास सोपें वाटतें, असें तिनें १६४३ च्या जून महिन्यांतील पत्रांत स्पष्ट कळविलें.

या वाक्याचें धैर्य लक्षांत घेतलें पाहिजे. ज्याला विस्तार आहे त्याचे तुकडे होऊं शकतात. ज्याचे तुकडे होऊं शकतात त्याचा नाशही संभवतो. आत्म्याला विस्तार दिला कीं त्याच्या अमरत्वाचा तात्त्विक आधार डळमळूं लागतो. ख्रिस्ती धर्मावर निष्ठा असलेल्या त्या राजकन्येला हें कळत नव्हतें असें नव्हे. परंतु जें पटलें नाहीं तें केवळ धर्माला सोयीचें आहे म्हणून पटलें असें तिनें म्हटलें नाहीं.

आपल्याकडील दर्शनांच्या अभ्यासकांना ही शंका अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. डेकार्टशीं कसलाही संबंध नसतां, त्याच्या शेंकडों वर्षें आधीं, सांख्यांनीं चेतन पुरुष आणि जड प्रकृति अशीं दोन तत्त्वें मानलीं, आणि त्यांच्या संयोगासाठीं आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या पांगळ्याचा दृष्टांत दिला. पांगळ्याला दिसतें, आंधळ्याला चालतां येतें. दोघे मिळून वाट चालतात. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत त्यावर विचारलें कीं पांगळा निदान तोंडानें बोलून तरी आंधळ्याला चालवितो. तुमचा पुरुष तर निष्क्रिय व उदासीन. तो प्रकृतीला कशानें चालविणार? शंकराचार्य ज्या निष्कर्षाकडे वळले तो एलिझाबेथचा नव्हे. परंतु चेतन व जड यांना अगदीं वेगळें काढलें कीं त्यांची पुन्हां गांठ घालणें किती कठीण होतें, हें दोन्हीकडे सारखेंच दिसून आलें.

डेकार्टचें दुसरें उत्तर अधिक खोल होतें. आत्मा शुद्ध बुद्धीनें कळतो. जड वस्तु बुद्धीला कल्पनेची जोड मिळाली म्हणजे कळते, जशी भूमितींत कळते. पण आत्मा व शरीर यांचा संयोग विचारानें कळतच नाहीं, तो नित्याच्या जगण्यानें, बोलण्याचालण्यानें कळतो, असें त्यानें लिहिलें. शुद्ध तत्त्वचिंतनाला आपण वर्षांतून फार थोडे तास देतों असेंही त्यानें सांगून टाकलें, आणि हवें तर आत्म्याला विस्तार आहे असें तूर्त समजण्यास हरकत नाहीं, अशी सवलतही दिली. यावर १ जुलैच्या पत्रांत एलिझाबेथनें जें लिहिलें त्याचें तात्पर्य असें: आत्मा शरीरास हालवितो हें इंद्रियें दाखवितात, पण कसें हालवितो हें तीं शिकवीत नाहींत. कदाचित् आत्म्याचे असे कांहीं गुण असतील कीं जे अजून मनुष्याला ठाऊक नाहींत. या पत्राला डेकार्टनें दिलेलें उत्तर उपलब्ध नाहीं.

यावरून डेकार्ट हरला आणि राजकन्या जिंकली असा निवाडा करणें सोपें आहे, पण तो न्याय्य नव्हे. संयोग हा जगण्यांत कळतो, या उद्गारांत मोठें सत्य आहे. आणि अनुभव घडतो म्हणजे त्याचा उलगडा झाला असें होत नाहीं, या एलिझाबेथच्या आग्रहांतही तितकेंच सत्य आहे. दोघांनींही एकमेकांचा मान राखला. त्याच वर्षाच्या अखेरीस डेकार्टनें तिला तीन वर्तुळांना स्पर्श करणारें चौथें वर्तुळ काढण्याचा अवघड प्रश्न घातला, आणि तिची रीत पाहून त्यानें तिची मनापासून स्तुति केली. १६४४ सालीं ‘तत्त्वज्ञानाचीं मूलतत्त्वें’ हा आपला ग्रंथ त्यानें एलिझाबेथलाच अर्पण केला. तत्त्वचिंतन आणि गणित या दोहोंमध्यें जिची बुद्धि सारखीच चालते अशी ही एकच व्यक्ति आपणांस आढळली, असें त्यानें अर्पणपत्रिकेंत नमूद केलें. आपल्या उत्तरानें जिचें समाधान झालें नाहीं तिलाच ग्रंथ अर्पण करणें, यांत त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

पुढें हा प्रश्न ग्रंथांतून उतरून देहांत शिरला. १६४५ सालीं एलिझाबेथला बारीक ताप व कोरडा खोकला जडला. बारीक तापाचें नेहमींचें कारण दुःख हेंच असतें, असें डेकार्टनें तिला लिहिलें आणि मन प्रसन्न विषयांकडे वळविण्याचा सल्ला दिला. मनाचा शरीरावर परिणाम कसा होतो हें ज्याला सांगतां आलें नव्हतें तोच आतां मनाच्या द्वारें शरीर बरें करण्याचा उपाय सांगत होता. एलिझाबेथनें उपदेश कृतज्ञतेनें घेतला. पण घरच्या विपत्ति एकामागून एक येत असतां शरीरही त्यांचा वांटा उचलतें, हें तिनें लपविलें नाहीं. त्या उन्हाळ्यांत दोघांनीं सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याचा सुखी जीवनावरील ग्रंथ चर्चेस घेतला. सुख बाह्य परिस्थितीवर अवलंबून नसून इच्छाशक्ति व विवेक यांच्यावर आहे, हें डेकार्टचें मत. त्यावर तिनें विचारलें कीं ज्या रोगांनीं विचारशक्तीच नष्ट होते त्या रोग्याचें काय? त्याचा विवेक त्याच्या हातीं राहतो काय? निरोगी मनुष्याला सुचणार नाहीं असा हा प्रश्न होता, आणि मूळच्या शंकेचेंच तें नवें रूप होतें.

मनोविकारांची व्याख्या करावी असें तिनें आग्रहानें सुचविलें. त्यांतूनच डेकार्टचा ‘आत्म्याचे विकार’ हा शेवटचा ग्रंथ उदयास आला. त्याचा पहिला खर्डा १६४६ सालीं एलिझाबेथनें वाचला, त्यावर आक्षेप कळविले; १६४९ सालीं तो छापून निघाला. मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींत आत्म्याचा व शरीराचा विशेष संबंध घडतो, असें डेकार्टनें त्यांत म्हटलें. प्रेम, द्वेष, भय, आशा यांचें त्यानें केलेलें वर्णन सूक्ष्म आहे. पण मूळ प्रश्न तेथेंच राहिला. ग्रंथि कितीही लहान असली तरी ती जडच. विस्तार नसलेला आत्मा तिला तरी कसा हालविणार?

धर्माचा विषयही या पत्रव्यवहारांत आला, आणि तो अत्यंत नाजुक प्रसंगीं आला. ईश्वरावर दृष्टि ठेवली असतां मनाला धीर येतो, असें डेकार्ट लिही. एलिझाबेथनें त्यांतही एक भेद केला. रोग, वादळ, मृत्यु या सृष्टिक्रमांतील आपत्ति ईश्वरी योजनेंतील म्हणून सोसतां येतील. परंतु मनुष्यें आपल्या स्वतंत्र इच्छेनें जी पीडा देतात तिचें काय? त्यांची इच्छा खरोखर स्वतंत्र असेल तर ती ईश्वराच्या आज्ञेंत कशी? आणि ईश्वराच्या आज्ञेंत असेल तर स्वतंत्र कशी? ईश्वर मनुष्यांच्या इच्छेवरही सत्ता चालवितो हें श्रद्धाच सांगूं शकेल, बुद्धि नव्हे, असें तिचें मत पडलें.

डेकार्टनें राजाचा दृष्टांत देऊन हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. राजानें द्वंद्वयुद्धास बंदी केलेली आहे. दोन सरदारांचें हाडवैर आहे; भेटले कीं ते लढल्याशिवाय राहणार नाहींत, हें राजाला पक्कें ठाऊक आहे. तरी तो त्यांना अशा कामांवर धाडतो कीं वाटेंत त्यांची गांठ पडावीच. ते लढतात. पुढें काय होणार हें राजाला ठाऊक होतें आणि भेटही त्यानेंच घडवून आणली. तथापि लढले ते स्वेच्छेनेंच, म्हणून शिक्षेस पात्रही तेच. दृष्टांत चतुर खरा. पण दयाळू ईश्वरानें अशी भेट कां घडवावी, ही टोंचणी त्यानें नाहींशी होत नाहीं.

हा वाद चालू असतांनाच १६४५ च्या हिवाळ्याच्या तोंडीं एलिझाबेथच्या घरावर नवा आघात झाला. तिचा भाऊ एडवर्ड फ्रान्समध्यें कॅथलिक झाला. ज्या धर्मासाठीं बापानें राज्य गमावलें, जिच्यासाठीं तिनें स्वतः विवाह नाकारला, ती निष्ठा भावानें सोडली. या एका गोष्टीनें शरीराचें आरोग्य व मनाची शांति जितकी ढळली तितकी आजवरच्या साऱ्या संकटांनीं ढळली नव्हती, असें तिनें डेकार्टला कळविलें. पण डेकार्ट स्वतः कॅथलिक होता. त्यानें सहानुभूति दाखविली, पण खोटें दुःख दाखविलें नाहीं. आपल्या धर्माचे लोक या गोष्टीला चांगलीच म्हणणार. आणि दुसऱ्या पक्षानेंही आठवावें कीं आपले पूर्वज रोमन पंथ सोडून गेले नसते तर आपणही आजच्या पंथांत नसतों, असें त्यानें सौम्यपणें लिहिलें. ज्या वैरापायीं युरोप ३० वर्षें जळत होता तेंच वैर या दोघांच्या मध्यें क्षणभर उभें राहिलें. तरीही पत्रव्यवहार तुटला नाहीं.

मृत्यूनंतरच्या स्थितीविषयीं डेकार्टनें याच सुमारास दिलेलें उत्तर विशेष महत्त्वाचें आहे. धर्म जें शिकवितो तें बाजूस ठेवलें तर केवळ बुद्धीच्या बळावर आपण परलोकाविषयीं अनुकूल तर्क करूं शकतों, सुंदर आशा बाळगूं शकतों, पण निश्चिति मिळवूं शकत नाहीं, असें त्यानें १६४५ च्या नोव्हेंबरांत लिहिलें. ‘चिंतनें’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आत्म्याचें अमरत्व सिद्ध केलें आहे अशी घोषणा होती. १६४२ च्या दुसऱ्या आवृत्तींत ती बदलून केवळ आत्मा शरीराहून भिन्न आहे एवढेंच म्हटलें गेलें. जाहीर ग्रंथांतील दावा आधींच आंखडला होता. विश्वासाच्या पत्रांत तो अधिकच नम्र झाला.

१६४६ सालीं धाकटा भाऊ फिलिप यानें हेगमध्यें एका फ्रेंच गृहस्थाचा खून केल्यामुळें घरांत कलह माजला आणि एलिझाबेथला ब्रांडेनबुर्गमधील क्रॉसेन येथें नातलगांकडे जावें लागलें. पुन्हां तिची व डेकार्टची भेट झाली नाहीं. पत्रें मात्र चालू राहिलीं. १६४९ च्या जानेवारींत तिचा मामा, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षीं राणी क्रिस्टिना हिच्या आमंत्रणावरून डेकार्ट स्वीडनला गेला आणि ११ फेब्रुवारी १६५० रोजीं स्टॉकहोम येथें मरण पावला.

एलिझाबेथ पुढें ३० वर्षें जगली. १६६७ सालीं ती जर्मनींतील हेरफोर्ड येथील स्त्रियांच्या मठाची अधिष्ठात्री झाली. हा मठ लूथरच्या पंथाचा, तर ती कॅल्व्हिनच्या पंथाची. तेथील तिची कारकीर्द पाहिली म्हणजे तिच्या श्रद्धेचें स्वरूप कळतें. जाँ द लाबादी हा धर्मोपदेशक आपल्या अनुयायांसह १६७० सालीं आश्रय शोधीत आला. त्यांच्यांत युट्रेख्तची सुप्रसिद्ध विदुषी आना मारिया व्हान शुर्मान हीही होती. शहरांतील लोकांचा कडवा विरोध असतांही एलिझाबेथनें त्यांना आसरा दिला. १६७७ सालीं क्वेकर पंथाचा विल्यम पेन तिला भेटला. तिनें त्याचें प्रवचन आदरानें ऐकलें, पण ती क्वेकर झाली नाहीं. जिनें दुसऱ्याच्या धर्मासाठीं स्वतःचा धर्म सोडला नाहीं तिनेंच दुसऱ्यांना त्यांच्या धर्मासाठीं छळूं दिलें नाहीं. १६८० च्या फेब्रुवारींत ती हेरफोर्ड येथें वारली.

तिचा प्रश्न मात्र मागें राहिला. तोच निराळ्या वाटांनीं पुढच्या थोर तत्त्ववेत्त्यांना भिडला. मालब्रांशनें म्हटलें कीं आत्मा शरीरास हालवीतच नाहीं. प्रत्येक प्रसंगीं ईश्वरच हालवितो. स्पिनोझानें दोन द्रव्यें मानण्याचेंच नाकारलें. मन व शरीर हीं एकाच द्रव्याचीं दोन अंगें. लायबनिझनें, ज्याचा एलिझाबेथशीं तिच्या अखेरच्या वर्षांत पत्रव्यवहार झाला, असें सुचविलें कीं दोन घड्याळें आरंभींच जुळवून ठेवावीं तसे आत्मा व शरीर ईश्वरानें जुळवून ठेवले आहेत. तेव्हांपासून मेंदूविषयींचें ज्ञान अतोनात वाढलें. कोणत्या विचाराच्या वेळीं मेंदूचा कोणता भाग कार्य करतो हें आज यंत्रांच्या साह्यानें पाहतां येतें. तथापि जड मेंदूच्या व्यापारांतून जाणीव कां व कशी उत्पन्न व्हावी, हा प्रश्न शिल्लकच आहे. डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनीं १९९५ सालीं त्याला ‘कठीण प्रश्न’ असें नांव दिलें. एलिझाबेथनें मनाकडून शरीराकडे जाणारी वाट विचारली होती; आज तीच वाट शरीराकडून मनाकडे विचारली जाते.

डेकार्टच्या मृत्यूनंतर स्वीडनमधील फ्रेंच वकील शानू यानें तिचीं पत्रें प्रसिद्ध करण्याची परवानगी मागितली होती. तिनें ती दिली नाहीं. १६५७ सालापासून डेकार्टचीं पत्रें छापून निघालीं तीं तिच्या पत्रांवांचून. त्यामुळें दोन शतकांहून अधिक काळ वाचकांना उत्तरें वाचावयास मिळालीं, प्रश्न मिळाले नाहींत; आणि ज्या राजकन्येला एवढा ग्रंथ अर्पण झाला ती एक थोर घराण्यांतील हुशार शिष्या असावी, एवढीच तिची ओळख राहिली. आर्नहेमजवळील रोझेंडाल येथील वाड्यांत सांपडलेल्या प्रतींवरून फ्रेंच विद्वान् फूशे द कारेल यानें १८७९ सालीं तिचीं २६ पत्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां ती शिष्या नसून बरोबरीची वादी होती हें जगाला कळलें.

त्या पत्रांत आत्म्याचें अस्तित्व नाकारणारें एकही वाक्य नाहीं, आणि न पटलेला एकही युक्तिवाद धर्माच्या भयानें मान्य केलेला नाहीं. जें बुद्धीनें कळलें तें तिनें बुद्धीच्या खात्यांत मांडलें, जें श्रद्धेनें मानलें तें श्रद्धेच्या खात्यांत मांडलें, आणि एकाची तूट भरून काढण्यासाठीं दुसऱ्यांतून उसनवारी केली नाहीं. राज्य, पिता, बंधूची निष्ठा, मित्र आणि आरोग्य हीं सारीं एकामागून एक हातचीं जात असतां असा हिशेब चोख ठेवणें किती कठीण होतें, तें तिच्या पत्रांवरून कळतें.